हळदीतून कुरकुमीन काढून दुधात मिसळणारी पावडर : सांगलीत कुठपर्यंत जावं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मिरज-तासगाव पट्ट्यातल्या हळद उत्पादकांच्या कंपनीसाठी हा धागा काढतोय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी यार्डातल्या सौद्यात भाव ठरतो तो हळकुंडाची लांबी, रंग आणि पॉलिश बघूनच. आत कुरकुमीन (हळदीचा पिवळा घटक) किती, हे कोणी विचारत नाही. कणी (तुकडे), चोरा (चुरा) आणि गड्डे (मूळ कंद) तर मिळेल त्या भावात जातात.

विचार असा आहे की या खालच्या प्रतीच्या मालातून कुरकुमीन काढायचं आणि त्यावर आवरण चढवून दुधात, पेयात मिसळेल अशी पावडर करायची. द्रावक कोणतं घ्यावं? थेट ९५ टक्के शुद्ध कुरकुमीनपर्यंत जावं की ओलिओरेझिनवर (द्रावक आटवल्यावर उरणाऱ्या घट्ट, तेलकट अर्कावर, म्हणजे रेझिनवर) थांबावं? आवरणासाठी गम अरेबिक (बाभळीच्या जातीचा डिंक), माल्टोडेक्स्ट्रिन, सायक्लोडेक्स्ट्रिन (ही दोन्ही स्टार्चपासूनची) यातलं काय टिकतं? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

पाटाचं_पाणी
उत्तम विषय. वाचतोय.

रसशाळा
द्रावकाच्या आधी चाचणी. कणीत आणि चोऱ्यात कुरकुमीन किती आहे हे माहीत नसताना प्लांटचा हिशेब मांडता येत नाही.

साधी पद्धत देतो. हळद पूड १०० मिलिग्रॅम अचूक तोलून घ्या. निर्जल इथेनॉलमध्ये रिफ्लक्स करा (वाफ थंड होऊन परत भांड्यात पडेल असं उकळा), गाळा, आणि इथेनॉलनेच १०० मिलीपर्यंत भरा. त्यातलं ५ मिली पुन्हा ५० मिलीपर्यंत पातळ करा. ४२५ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा. इथेनॉलमध्ये १ टक्का कुरकुमीन द्रावणाचं १ सेंमी क्युव्हेटमधलं (मोजणीच्या पारदर्शक कुपीतलं) शोषण १६०७ धरतात. तुमचं वाचन ०.६४ आलं, तर ०.६४ भागिले १६०७, गुणिले १० (पातळ केल्याबद्दल), भागिले ०.१ ग्रॅम, गुणिले १००. म्हणजे जवळजवळ ४ टक्के.

दोन सावधगिऱ्या. हा आकडा कुरकुमीन, डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी या तिघांचा (मिळून कुरकुमिनॉइड) एकत्रित असतो. वेगवेगळे हवे असतील तर एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लागेल. आणि मेटॅनिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाची भेसळ असेल तर तोही याच पट्ट्यात शोषण दाखवतो. आकडा संशयास्पद चढा आला तर आधी हायड्रोक्लोरिक आम्लाची चाचणी करा. भेसळ असेल तर गुलाबी-जांभळा रंग येतो.

आता द्रावक. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, कुरकुमीन भरभर ओढतं आणि परत मिळवायला सोपं. इथिल अ‍ॅसिटेट ७७ अंशांना उकळतं. त्यात साखर आणि डिंक कमी येतात, म्हणून रेझिन स्वच्छ मिळतं. इथेनॉल ग्राहकाला पटवायला सर्वात सोपं, पण त्यात पाणी १०-१५ टक्क्यांवर गेलं की साखर आणि चिकट भाग सोबत येतो. मग रेझिन गाळणीवर बसतं ते हलत नाही. कच्च्या मालातला ओलावाही याच पाण्यात मोडतो. म्हणून हळद ८ टक्क्यांच्या खाली वाळवून मगच घ्या.

हरिपूरकर
रसशाळा यांच्या मुद्द्याला जोडून कच्च्या मालाबद्दल.

गड्ड्यात कुरकुमीन कमी असतं असं सरसकट धरू नका. बरेचदा हळकुंडाच्या बरोबरीने निघतं. वाण बघा. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचा फुले स्वरूपा ५ टक्क्यांच्या वर जातो, सेलम साधारण ४ च्या आसपास. अर्कासाठी पॉलिशवर खर्च करू नका, त्याने फक्त दिसणं सुधारतं. शिजवायचीही गरज नाही. ओल्या गड्ड्याचे ३-४ मिमी जाडीचे काप करून सावलीत किंवा ५०-५५ अंशांच्या ड्रायरमध्ये वाळवले तरी चालतात. शिजवलेल्या हळकुंडापेक्षा काप लवकर वाळतात आणि दळायलाही हलके.

मात्र पेवातला (जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यातला) किंवा पुराचं पाणी लागलेला माल अर्काला अजिबात घालू नका. २००५ आणि २०१९ च्या पुरात पेवांचं काय झालं ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिन अ‍ॅसिटोन-इथेनॉलमध्ये विरघळतं आणि कुरकुमीनसोबत रेझिनमध्ये उतरतं. १०० किलो हळदीतून ८-१० किलो रेझिन येतं, म्हणजे हळदीत जे थोडं होतं ते रेझिनमध्ये दहापट दिसू शकतं. कीटकनाशकांच्या अंशाचंही तेच. युरोपात हळदीला अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण १० आहे. 'खालच्या प्रतीचा माल अर्काला' हा विचार आकाराच्या बाबतीत बरोबर. काळ्या पडलेल्या, वास येणाऱ्या मालाच्या बाबतीत सपशेल चूक.

बुधगावची_भट्टी
मी स्पष्टच सांगतो, ९५ टक्क्यांपर्यंत गेल्याशिवाय यात पैसा नाही. रेझिनला खरेदीदार हातावर मोजण्याइतके, ९५ टक्के पावडर कुठेही विकते.

कृती लिहितो. हळद ३०-४० मेशच्या चाळणीतून जाईल अशी दळा. त्याहून बारीक केली तर पर्कोलेटरमध्ये (मालातून द्रावक झिरपवण्याच्या भांड्यात) थर घट्ट बसतो, द्रावक एका बाजूने वाट काढून निघून जातं आणि बाकीचा माल कोरडाच राहतो. द्रावकाचं पहिलं धुणं १ किलोला ५ लिटर, नंतरची दोन ३-३ लिटर, ५०-५५ अंशांवर. शेवटचं धुणं पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरा, द्रावक वाचतं. बाकीची दोन एकत्र करून व्हॅक्यूमखाली आटवा. शेवटी रेझिन मधासारखं घट्ट होतं आणि उरलंसुरलं द्रावक सोडत नाही. तिथे उष्णता वाढवू नका, व्हॅक्यूम वाढवा आणि ढवळणी चालू ठेवा.

मग रेझिनमध्ये साधारण तेवढंच आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून ६० अंशांवर एकजीव करा. हळूहळू गार करत ५ अंशांपर्यंत न्या आणि रात्रभर ठेवा. खडे पडतात. गाळा, थंड अल्कोहोलने धुवा, वाळवा. घाईने गार केलं तर खडे बारीक पडतात, मधे तेल अडकतं आणि पावडर हाताला चिकटते. आधीच्या घाण्याचे चिमूटभर खडे ४५ अंशांच्या सुमारास सोडले तर खडा मोठा येतो.

४ टक्क्यांच्या १०० किलो हळदीत ४ किलो कुरकुमिनॉइड. त्यातलं अडीच-तीन किलो स्फटिक म्हणून हाती येईल असं धरून चाला. बाकीचं गाळलेल्या तेलकट द्रावात राहतं. तो द्राव फेकू नका.

आवरण
भट्टी यांची स्फटिकाची कृती चोख आहे, पण 'रेझिनमध्ये पैसा नाही' याच्याशी असहमत. कृष्णाकाठ यांना विकायची आहे दुधात मिसळणारी पावडर. त्यासाठी ९५ टक्के कुरकुमीन हा सर्वात अवघड कच्चा माल आहे. १८३ अंशांना वितळणारा स्फटिक, पाण्यात जवळपास विरघळतच नाही आणि खाद्यतेलातही फारच थोडा. रेझिनमध्ये हळदीचं तेल आधीपासून असतं, इमल्शन (पाण्यात तेलाचे बारीक थेंब) त्यानेच बनतं. आधी तेल वेगळं काढायचं आणि मग पावडरसाठी बाहेरून तेल विकत आणायचं, हा उलटा उद्योग झाला.

१ किलो इमल्शनचं प्रमाण : गम अरेबिक १८० ग्रॅम, माल्टोडेक्स्ट्रिन ६० ग्रॅम, रेझिन ६० ग्रॅम, पाणी ७०० ग्रॅम. एकूण घन ३० टक्के, आवरण आणि गाभा ४ ला १.

गम ४०-५० अंशांच्या पाण्यात विरघळवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. हे टाळलं तर डिंक पुरता फुलत नाही, थेंब जाड राहतात आणि दुसऱ्या दिवशी वर तेलाचा तवंग. रेझिनचा डबा उघडल्यावर वरचं तेल ओतून घेऊ नका! कुरकुमीन तळाशी गाळासारखं बसलेलं असतं. डबा ५०-६० अंशांवर कोमट करून तळापासून ढवळा. एकाच डब्यातून काढलेल्या दोन बॅचचा रंग वेगळा येतो तो बहुतेक यामुळेच. मग हाय शिअर मिक्सरवर दहा मिनिटं आणि होमोजिनायझरमधून दोन फेऱ्या. थेंब २ मायक्रॉनच्या खाली हवा.

स्प्रे ड्रायरला (गरम हवेत फवारून पावडर करणाऱ्या यंत्राला) आत १६०-१७०, बाहेर ८०-८५ अंश. खरा लगाम बाहेरच्या तापमानाचा, आणि तो पंपाच्या वेगाने धरायचा. ९५ च्या वर गेलं की कण तडकतात आणि तेल उडतं. ७० च्या खाली गेलं की माल भिंतीला चिकटतो. पावडरचा ओलावा ५ टक्क्यांच्या आत आणा आणि लगेच अ‍ॅल्युमिनियम लॅमिनेटच्या पिशवीत बंद करा. पावसाळ्यात पॅकिंगची खोली कोरडी नसेल तर तासाभरात गोळे होतात.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून एक शंका. माल्टोडेक्स्ट्रिनऐवजी गूळ घातला तर? 'गूळ-हळद दूध' म्हणून विकायला सोपं, आणि गूळ आपल्याकडे मुबलक.

आवरण
स्प्रे ड्रायरमध्ये गूळ नको. प्रत्येक पदार्थाचं एक तापमान असतं, त्याच्या वर तो कडक काचेसारखा न राहता चिवट होतो. सुक्रोजसाठी ते ६० च्या थोडं वर, ग्लुकोजसाठी ३१ आणि फ्रुक्टोजसाठी जेमतेम ५ अंश. गुळात तिन्ही आहेत. बाहेरची हवा ८० अंशांची, म्हणजे सगळा माल सायक्लोनच्या (पावडर गोळा करणाऱ्या भांड्याच्या) भिंतीवर पाकासारखा थापला जाणार. कमी डीईच्या (स्टार्चची साखर कमी झालेल्या) माल्टोडेक्स्ट्रिनचं हे तापमान १०० च्या बरंच वर असतं, म्हणून तर ते घालतात. गूळ हवाच असेल तर गूळ पावडर वेगळी घ्या आणि तयार कुरकुमीन पावडरमध्ये कोरडी मिसळा.

अजिंक्यतारा
पटलं. मग महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा रंग? तिथेही खाली पडलेला, डागाळलेला माल भरपूर निघतो.

रसशाळा
विषय थोडा बाजूला जातोय, पण तुलना उपयोगाची आहे. स्ट्रॉबेरीतला मुख्य रंग पेलार्गोनिडिन-३-ग्लुकोसाइड. तो पाण्यात विरघळतो, म्हणून तेल, इमल्शन काही लागत नाही. सायट्रिक आम्लाने पीएच ३ च्या खाली ठेवलेल्या पाण्यात किंवा पाणी-इथेनॉलमध्ये काढायचा आणि माल्टोडेक्स्ट्रिनसोबत वाळवायचा. दुधात मात्र पीएच ६.६ च्या आसपास तो फिका आणि मळकट होतो. तो सरबताचा रंग. कुरकुमीन त्याच्या उलट, दुधात छान बसतं कारण केसीन (दुधातलं प्रथिन) आणि स्निग्धांश त्याला धरून ठेवतात. वेगळा धागा काढा, यावर लिहायला बरंच आहे.

निशिगंधा_फार्मा
औषधाच्या बाजूने लिहिते. कुरकुमीनची अडचण काढण्यात नाही, शरीरात पोचवण्यात आहे. ते पाण्यात विरघळत नाही. जे थोडं आतड्यातून आत जातं त्याला आतडं आणि यकृत ग्लुकुरोनाइड (शर्करेपासूनचा एक गट) जोडून बाहेर टाकतात. शिवाय नुसत्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), पीएच ७.२ आणि ३७ अंशांवर, अर्ध्या तासात ९० टक्के कुरकुमीन मोडतं.

१९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी २ ग्रॅम कुरकुमीनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपेरीन दिलं, तेव्हा माणसांत उपलब्धता २००० टक्के वाढल्याचं नोंदवलं. तेव्हापासून बाजारात मिरीचा अर्क सर्रास घालतात. पण पिपेरीन हे काम शरीराची औषधं मोडण्याची यंत्रणा अडवून करतं. रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्या माणसात त्या औषधांची पातळीही वर जाऊ शकते. रोजच्या दुधाच्या पावडरमध्ये पिपेरीन घालू नये असं माझं ठाम मत आहे. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताच्या दाहाच्या तक्रारी आल्या आणि तिथल्या आरोग्य खात्याला इशारे द्यावे लागले. स्वयंपाकातली हळद आणि शोषण वाढवलेलं कुरकुमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आवरणांबद्दल. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचा हिशेब करून बघा. एका कुरकुमीन रेणूला दोन सायक्लोडेक्स्ट्रिन धरले तर ३६८ ला २२७०, म्हणजे पावडरमध्ये कुरकुमीन जेमतेम १४ टक्के. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनची स्वीकार्य मात्रा दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम. त्यातून कुरकुमीन जाणार ४८-४९ मिलिग्रॅम. रंग म्हणून पुरेसं, औषधी डोस म्हणून नाही.

फॉस्फोलिपिडशी (लेसिथिनमधल्या स्निग्ध घटकाशी) जोडी अधिक चांगली. कुरकुमीन आणि सोया फॉस्फॅटिडिलकोलीन समान मोल, म्हणजे वजनाने साधारण १ ला २. इथेनॉलमध्ये ५०-६० अंशांवर दोन तास, मग व्हॅक्यूमखाली आटवून वाळवायचं. इथे मात्र ९५ टक्के कुरकुमीनच लागतं, रेझिन चालत नाही. लेसिथिन स्वस्तातलं घेतलं तर त्यात फॉस्फॅटिडिलकोलीन कमी असतं आणि पावडर मेणचट राहते.

बुधगावची_भट्टी
म्हणजे ९५ टक्के लागतंच की!

निशिगंधा_फार्मा
गोळ्या-कॅप्सूलसाठी लागतं. दुधाच्या पावडरला नाही. आणि 'अमुक पट शोषण' असं छापलेलं दिसलं तर एक प्रश्न विचारा : रक्तात मोकळं कुरकुमीन मोजलं की एन्झाइम घालून ग्लुकुरोनाइड तोडल्यावरचं एकूण? दुसऱ्या पद्धतीत आकडा प्रचंड फुगतो. शरीराने आधीच निष्क्रिय करून ठेवलेलं कुरकुमीनही त्यात मोजलं जातं.

कृष्णाकाठ
खूप काही मिळालं, सगळ्यांचे आभार. मग रेझिन आपणच काढावं का? शेड आहे, बॉयलर आहे.

हरिपूरकर
शेडमध्ये द्रावक? नको. अ‍ॅसिटोनची वाफ उणे २० अंशांनाही पेट घेते, इथिल अ‍ॅसिटेटची उणे ४ ला. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत लांबच्या ठिणगीपर्यंत जाते. एक्झॉस्ट छताला लावून उपयोग नाही, तो जमिनीलगत हवा. मोटार, दिवे, स्विच सगळे फ्लेमप्रूफ, पंप आणि टाक्यांना अर्थिंग, बॉयलर लांब. इथेनॉलला राज्य उत्पादन शुल्कचा परवाना, हेक्झेन ठेवायचं असेल तर पेसोची (ज्वलनशील पदार्थांची मंजुरी देणाऱ्या केंद्रीय संस्थेची) मंजुरी. अर्क काढल्यावरच्या चोथ्यात साधारण त्याच्या वजनाइतकं द्रावक राहतं. तेही वाफेने काढावं लागतं, नाहीतर चोथ्याचा ढीगच धोक्याचा. दिवसाला शंभर-दोनशे किलोसाठी हा खर्च झेपत नाही.

रसशाळा
द्रावक न वापरता सुपरक्रिटिकल (प्रचंड दाबाखालच्या) कार्बन डायऑक्साइडचं बोलायचं तर, तो तेल सुरेख काढतो, पण कुरकुमीन त्यात फारच थोडं उतरतं. सोबत इथेनॉल द्यावंच लागतं, म्हणजे द्रावक चुकत नाही आणि यंत्राची किंमत वेगळी.

माझं मत : स्वतःची चाचणी केलेली, बॅच नंबर लावलेली हळद परवानाधारक प्लांटला जॉब वर्कवर द्या. रेझिन आपल्याच हळदीचं आहे याची खात्री करायला, दिलेल्या हळदीतलं आणि परत आलेल्या रेझिन व चोथ्यातलं कुरकुमीन मोजा. बेरीज जुळली पाहिजे. आवरणाची पायरी मात्र आपल्या हातात ठेवा. पाण्यातलं काम आहे, आगीचा धोका तुलनेने कमी (बारीक पावडरच्या धुळीची काळजी घ्यावीच लागते). ग्राहकाला दिसणारी गुणवत्ता तिथेच ठरते.

आवरण
पूर्ण सहमत. उरलेल्या द्रावकाचा रिपोर्टही प्रत्येक लॉटला मागा. रंग म्हणून विकल्या जाणाऱ्या कुरकुमीनला आंतरराष्ट्रीय मर्यादा अ‍ॅसिटोनसाठी किलोला ३० मिलिग्रॅम, इथेनॉल आणि इथिल अ‍ॅसिटेटसाठी ५०.

बुधगावची_भट्टी
जॉब वर्कला देताना दर किलो हळदीवर ठरवू नका, मिळालेल्या कुरकुमीनवर ठरवा. नाहीतर तिसरं धुणं कोणी मन लावून करत नाही. दुधाच्या पावडरसाठी रेझिन पुरेसं आहे हे मान्य. तरी कंपनी मोठी झाली की ९५ चा विचार करा, हे माझं मत कायम.

पाटाचं_पाणी
एक विचारतो. बाजारातली अशी एक पावडर बोअरच्या पाण्यात कालवली की लालसर होते. भेसळ समजायची का?

रसशाळा
लगेच भेसळ म्हणू नका. कुरकुमीन अल्कलीत लाल होतं, हळद आणि चुन्याचं कुंकू याच गुणावर होतं. आपल्याकडे कृष्णाकाठच्या बऱ्याच बोअरचं पाणी क्षारयुक्त आहे. तीच पावडर आरओच्या पाण्यात कालवा. पिवळीच राहिली तर पावडर ठीक. कृष्णाकाठ, तुम्हीही इमल्शनला बोअरचं पाणी घेऊ नका. गमचं द्रावण मुळात आम्लधर्मी, ४.५ ते ५ च्या आसपास असतं, तिथेच राहू द्या. ६ च्या वर जायला लागलं तर चिमूटभर सायट्रिक आम्ल.

कृष्णाकाठ
ठरतंय असं : यंदाच्या कणीची आणि गड्ड्याची वाणानुसार चाचणी, रेझिन जॉब वर्कवर, स्प्रे ड्रायिंग आधी भाड्याच्या पायलट मशीनवर. आवरण किती नीट बसलं ते कसं मोजायचं? हेक्झेनने धुवून मोजतात असं वाचलं.

आवरण
हेक्झेन वापरू नका, तिथेच फसगत होते. पृष्ठभागावरचं तेल हेक्झेनमध्ये निघतं, पण कुरकुमीन हेक्झेनमध्ये जवळपास विरघळत नाही. म्हणजे आवरण कितीही फाटकं असो, आकडा ९८-९९ टक्केच येणार. १ ग्रॅम पावडर १० मिली निर्जल इथेनॉलमध्ये अर्धा-एक मिनिट हलकेच हलवा, लगेच गाळा, ४२५ ला मोजा. ते पृष्ठभागावरचं. एकूण मोजताना उलट क्रम. आधी थोड्या पाण्यात पावडर पूर्ण विरघळवा म्हणजे आवरण फुटेल, मग इथेनॉल घालून हलवा आणि सेंट्रिफ्यूज करा. थेट इथेनॉल घातलं तर गम अरेबिक गोळा होऊन बसतो, कुरकुमीन आतच अडकतं आणि एकूण आकडा कमी येतो. एकूणमधून पृष्ठभागावरचं वजा, भागिले एकूण, गुणिले १००.

त्याच पावडरचे दोन नमुने पारदर्शक बाटलीत ठेवा, एक उजेडात आणि एक कपाटात, दोन्ही खोलीच्या तापमानाला. महिन्याने पुन्हा मोजा. उजेडातला फार उतरला तर पिशवीच्या खर्चात काटछाट करू नका.

कृष्णाकाठ
आणि गार दुधात वर तरंगते, त्याला काय?

आवरण
कण फार बारीक आहेत. इमल्शन नीट असेल तर ते तसंच ठेवा, वाळल्यावर पावडर फ्लुइड बेडमध्ये (खालून हवा सोडून पावडर तरंगती ठेवणाऱ्या यंत्रात) माल्टोडेक्स्ट्रिनच्या पातळ पाण्याचा फवारा देऊन दाणेदार करा. दाणा १००-३०० मायक्रॉनचा झाला की दूध त्यात शिरतं आणि तो बुडतो. फवाऱ्यात अर्धा टक्का लेसिथिन घातलं तर गार दुधातही चमच्याच्या दोन-तीन फेऱ्यांत मिसळते.